हेडमास्तरांचा बिनपगारी क्लार्क: सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी एआयची पहिली ओळख

संध्याकाळची घंटा होते, पोरं दप्तरं उडवत घराकडे पळतात आणि मग हेडमास्तरांची दुसरी शाळा भरते. तोवर सीआरपींच्या, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ग्रुपात चार पीडीएफ येऊन पडलेले असतात, चारही कन्नडमध्ये. एकावर 'कूडले' म्हणून लिहिलेलं, म्हणजे ताबडतोब. बिसी ऊटचा, म्हणजे मुलांच्या दुपारच्या जेवणाचा, हिशोब अजून वहीतच असतो. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, सभेचं इतिवृत्त गेल्या महिन्यापासून 'लिहायचं आहे' या अवस्थेत असतं. शाळेला क्लार्क नाही, शिपाई नाही, आणि सकाळी सातवीचं गणित आपणच घ्यायचं असतं.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी हे रोज करतो. गेली दोन वर्षं यातलं थोडं काम मोबाइलमधल्या एआयकडून करून घेतोय. मी काही कॉम्प्युटरवाला माणूस नव्हे. दुसऱ्या शाळांतले हेडमास्तर भेटले की विचारतात, "सुरुवात कुठून करायची सर?" त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत ते चालेल. तिकडं भालकी, औरादला किंवा हल्याळ, जोयड्याला मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही चालायला हरकत नाही.

आधी अपेक्षा जमिनीवर आणूया. इंग्लंडमध्ये ६८ माध्यमिक शाळांतल्या २५९ विज्ञान शिक्षकांवर एक चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ च्या डिसेंबरात आला. चॅटजीपीटीशिवाय पाठाची तयारी करणाऱ्यांना आठवड्याला साधारण ८१ मिनिटं लागली, ते वापरणाऱ्यांना ५६. वाचली २५ मिनिटं. म्हणजे जादू नव्हे, एका तासिकेपेक्षाही कमी. पण आपल्याकडं जे काम सगळ्यात जास्त वेळ खातं ते त्या इंग्रज शिक्षकांकडं नाहीच: एका भाषेत आलेलं पत्र दुसऱ्या भाषेत समजून घेऊन पुन्हा पहिल्या भाषेत उत्तर देणं. माझा वेळ वाचला तो तिथं.

पहिली पायरी: आठवडाभर एक वही

ॲप उघडू नका. शंभर पानी वही घ्या आणि सहा दिवस फक्त नोंद करा, वर्गाबाहेर कोणत्या कामाला किती मिनिटं गेली. सुत्तोले (सरकारी परिपत्रकं) वाचणं, उत्तर लिहिणं, फोन, हिशोब, पालक, सॅट्स या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, सभा. माझ्या वहीत मला धक्का बसला तो एकाच गोष्टीचा. ऑनलाइन माहिती भरण्याला मी रोज शिव्या घालत होतो, पण त्याच्यापेक्षा जास्त वेळ पत्रव्यवहारात जात होता. नेटवर्कवर चिडणं सोपं असतं, म्हणून ते लक्षात राहतं.

वहीतली जी कामं दर महिन्याला त्याच साच्यात परत येतात त्यांच्यासमोर फुली मारा. एआयला द्यायची ती हीच. पालकाशी बोलणं, रुसलेल्या शिक्षकाची समजूत काढणं, पोर तीन दिवस का आलं नाही ते बघायला त्याच्या घरी जाणं, याला फुली नाही.

दुसरी पायरी: एकच ॲप, आणि बोलून टाइप करणं

चॅटजीपीटी किंवा जेमिनी, दोन्हींपैकी एक निवडा. मोफत मिळतं तेवढं सुरुवातीला पुरतं. दोन्हींना मराठी आणि कन्नड कळतं. चार ॲप एकदम घेऊन बसलात तर आठवड्यात सगळीच सोडून द्याल, हे माझ्या शेजारच्या शाळेत झालंय.

मराठी टाइप करायचा कंटाळा येतो ना? मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा मराठी करा आणि बोला. आपली बेळगावची बोली त्याला अर्धीच झेपते. 'काय करूलालाय' म्हटलं की काहीतरी भलतंच उमटतं. त्यासाठी जरा पुस्तकी बोलावं लागतं. हळूहळू सवय होते, त्याला नव्हे, आपल्याला.

तिसरी पायरी: आधी आपली ओळख सांगा

सीमाभागातल्या माणसानं ही पायरी चुकवली तर पुढचं सगळं वाकडं जातं, म्हणून इथं जरा थांबतो.

तुम्ही मराठीत प्रश्न विचारला की एआय धरून चालतं, तुम्ही महाराष्ट्रात आहात. पहिल्यांदा मी सभेची नोटीस मागितली तेव्हा त्यानं 'शाळा व्यवस्थापन समिती'ची नोटीस दिली, 'गटशिक्षणाधिकारी' आणि 'केंद्रप्रमुख' यांना प्रत दिली आणि वर 'सरल' पोर्टलवर नोंद करा म्हणून सांगितलं. मराठी सुरेख, राज्य चुकीचं. आपल्याकडं एसडीएमसी, बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी), सीआरपी आणि सॅट्स. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीचं मराठी माध्यमाचं पुस्तक वेगळं आणि बालभारतीचं वेगळं, पण मराठीत विचारलं की उत्तर बालभारतीच्या वाटेनं जातं. बरं, कर्नाटक म्हणून सांगितलं तर ते कन्नडमध्येच बोलायला लागतं. कर्नाटकात राहून मराठी शाळा चालवणारी माणसं असतात, हे त्याला आपण होऊन सुचत नाही. याचा राग धरू नका; ही गोष्ट माणसांनाही वरचेवर समजावून सांगावी लागते.

म्हणून ओळखीचा एक परिच्छेद लिहून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा. प्रत्येक नवीन संभाषणात आधी तो चिकटवायचा. माझा असा आहे:

"मी कर्नाटक राज्यातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. वर्ग पहिली ते सातवी. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं कर्नाटक राज्याची, मराठी माध्यमाची. महाराष्ट्राचे शासन निर्णय, पोर्टल, पदनामं वापरू नकोस. इथली पदनामं: बीईओ, सीआरपी, एसडीएमसी. कार्यालयीन पत्रं कन्नडमध्ये लागतात, पालकांसाठीचं लेखन सोप्या मराठीत. माहिती नसेल तर विचार, स्वतःहून क्रमांक, तारीख किंवा नाव घालू नकोस."

शेवटचं वाक्य का, ते पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: कन्नड सुत्तोले समजून घेणं

पीडीएफ असेल तर ती जोडा, छापील कागद असेल तर उजेडात सपाट ठेवून फोटो घ्या. मग नुसतं 'मराठीत भाषांतर कर' म्हणू नका. दोन पानांचं कन्नड जाऊन दोन पानांचं मराठी येईल आणि ते वाचायला तेवढाच वेळ लागेल. असं विचारा:

"या परिपत्रकातून फक्त एवढं काढ: मुख्याध्यापकानं नेमकं काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडे, कोणत्या नमुन्यात, सोबत काय जोडायचं. प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ कन्नड ओळ जशीच्या तशी दे. अस्पष्ट असेल तिथे अस्पष्ट असं लिही."

मूळ ओळ मागायची ती ताडून बघता यावी म्हणून. आपल्यापैकी बहुतेकांना कन्नड वाचता येतं, अर्थ लावताना अडखळायला होतं. ओळ समोर असली की तारीख आणि आकडे डोळ्यांनी तपासता येतात. ते तपासायचेच. कन्नड अंकांत दोन आणि तीन हे धूसर फोटोत जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि सहा-नऊचीही तीच तऱ्हा. तारीख मी कधीच एआयच्या भरवशावर डायरीत लिहीत नाही, मूळ कागदावरून लिहितो.

या कामात त्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. कन्नड आणि मराठीत सारखे दिसणारे आणि वेगळ्या अर्थाचे शब्द आपल्याला फसवतात, त्याला सहसा फसवत नाहीत. 'खाली हुद्दे' म्हणजे रिक्त पदं. आमच्या ओळखीच्या एका हेडमास्तरांनी घाईत ते 'खालचे हुद्दे' असं वाचलं आणि स्वयंपाकी बायकांची यादी करायला बसले. 'वरदि' म्हणजे अहवाल, पोलिसांची वर्दी नव्हे. 'अवकाशविल्ल' म्हणजे वेळ नाही असं नव्हे, मुभा नाही. 'अनुमान' म्हणजे संशय. वहीच्या मागच्या पानावर असे शब्द लिहीत जा. माझी यादी चाळिसाच्या पुढे गेलीय आणि आता निम्मी पत्रं एआयशिवायच कळतात.

दुसरा फायदा मनाचा. सुत्तोलेच्या शेवटी बहुतेक वेळा ते एक वाक्य असतं: 'तप्पिदल्लि तम्मन्ने होणेगाररन्नागि माडलागुवुदु', म्हणजे कसूर झाल्यास तुम्हालाच जबाबदार धरलं जाईल. शौचालयाच्या फोटोपासून वृक्षारोपणापर्यंत सगळ्याला तेच वाक्य. रात्री साडेनऊला ते वाचलं की जेवण गोड लागत नाही, मग पत्र कितीही साधं असो. वरच्या पद्धतीनं काढलेल्या मुद्द्यांत ते वाक्य येत नाही, फक्त काम येतं. 'शुक्रवारपर्यंत तीन रकाने भरून सीआरपींकडे द्यायचे' एवढंच समोर आलं की छातीतली धडधड बसते. आता मी संध्याकाळी सहाला एकदाच सगळे पीडीएफ असे गाळून घेतो आणि ग्रुप सकाळपर्यंत म्यूट करतो. खरंच तातडीचं असलं तर माणसं फोन करतात.

कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क दिवसदिवस नसतं. तिथल्यांनी गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा आधीच डाउनलोड करून ठेवाव्यात. भाषांतर खडबडीत असतं, मुद्दे वेगळे काढून मिळत नाहीत, पण पत्र कशाबद्दल आहे एवढं कळतं.

पाचवी पायरी: कन्नडमध्ये उत्तर

उलटा प्रवास जास्त जोखमीचा, कारण खाली सही आपली असते.

आधी मराठीत मुद्दे बोला, अगदी गप्पा मारल्यासारखे. समजा पावसानं वर्गाची कौलं फुटलीत. 'तिसरीच्या वर्गात पाणी गळतं, मुलं व्हरांड्यात बसवलीत, एसडीएमसीनं पाहणी केली, दुरुस्तीला निधी हवा, फोटो जोडलेत.' मग सांगा, याचं बीईओंना द्यायचं कन्नड पत्र कर, इवरिगे, विषय, उल्लेख, मान्यरे असा कार्यालयीन क्रम ठेव, एका पानाच्या आत. अर्ध्या मिनिटात पत्र तयार.

पत्र आलं की तीन कामं. पहिलं: नवीन संभाषण उघडा, ओळखीचा परिच्छेदही देऊ नका, नुसतं ते कन्नड पत्र टाका आणि मराठीत अर्थ विचारा. आपण म्हटलं होतं तेच परत येतंय का बघा. दुसरं: शाळेतल्या कन्नड विषयाच्या शिक्षकांना एकदा वाचायला द्या. पूर्वी मी त्यांना पूर्ण पत्र लिहून द्या म्हणायचो. त्यांचा अर्धा तास जायचा आणि मला उपकाराखाली दबल्यासारखं व्हायचं. आता दोन मिनिटं वाचून ते एखादा शब्द बदलतात. आमच्यातलं नातंही त्यामुळं मोकळं झालं. तिसरं काम 'उल्लेख' ही ओळ तपासायचं.

तिथंच मी एकदा तोंडघशी पडता पडता वाचलो. उत्तर छान झालं होतं, उल्लेखात पत्र क्रमांक आणि तारीखही होती. प्रिंट काढली, सही केली, आणि मग लक्षात आलं, क्रमांक मी त्याला दिलाच नव्हता. त्यानं आपल्या मनानं एक ऐटबाज क्रमांक रचून टाकला होता. ते फसवण्यासाठी करत नाही. अशा पत्रात त्या जागी क्रमांक असतो, हे त्याला माहीत असतं, म्हणून जागा भरून टाकतं. ओळखीच्या परिच्छेदातलं ते शेवटचं वाक्य त्या दिवसापासून आलं. आणि तरीही मी तपासतो. कायद्याचं कलम, शासन आदेश, रजेचे नियम हे त्याला विचारून पत्रात घालूच नका. मूळ आदेश हातात असेल तरच लिहा.

सहावी पायरी: हिशोब त्याच्याकडून नको, सूत्र त्याच्याकडून घ्या

बिसी ऊटचं प्रमाण आपल्याला पाठ असतं: पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावीपासून १५०, डाळ २० आणि ३० ग्रॅम, तेल ५ आणि साडेसात ग्रॅम. समजा आज खालच्या वर्गांत ६२ मुलं आणि वरच्या वर्गांत ४१. धान्य ६.२ आणि ६.१५ मिळून १२.३५ किलो. डाळ २.४७ किलो. तेल ६१७.५ ग्रॅम. हे रोज वहीत करायचं आणि महिन्याअखेरीला बेरीज जुळवत बसायचं.

गप्पांच्या खिडकीत महिनाभराचे आकडे टाकून 'बेरीज कर' म्हणू नका. कधी बरोबर येते, कधी आत्मविश्वासानं चुकते, आणि चूक शोधायला पुन्हा सगळी बेरीज करावी लागते. त्यापेक्षा म्हणा: "गूगल शीटमध्ये अ रकान्यात तारीख, ब मध्ये पहिली ते पाचवीची हजेरी, क मध्ये सहावी-सातवीची हजेरी आहे. धान्य, डाळ, तेल यांची सूत्रं दे आणि कुठं चिकटवायची ते मराठीत पायरीपायरीनं सांग." सूत्र एकदा बसलं की रोज दोन आकडे भरायचे. वरचा १२.३५ चा दाखला टाकून एकदा पडताळा घ्या. आमच्याकडं हे बसवायला एक शनिवार गेला, त्यानंतर महिन्याअखेर हा शब्द ऐकून पोटात गोळा येणं थांबलं.

वेळापत्रकात मात्र त्याचा फार उपयोग झाला नाही. सात वर्ग, चार शिक्षक, त्यात नलीकली या खेळत शिकण्याच्या पद्धतीचे खालचे वर्ग एकत्र. त्यानं दोन वेळा एकाच बाईंना एकाच तासाला दोन वर्गांत उभं केलं. बदली तासांसाठी बरं आहे. आज दोन शिक्षक प्रशिक्षणाला गेलेत, कोणते वर्ग एकत्र बसवू आणि प्रत्येक गटाला वीस मिनिटांचं स्वतः करायचं काम काय देऊ, असं विचारलं की चांगले पर्याय मिळतात. २०२५ च्या दसऱ्याला सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघरी फिरले, सुट्टी लांबली आणि अभ्यासक्रम मागं पडला. तेव्हा राहिलेल्या पाठांची नव्यानं मांडणी मी याच पद्धतीनं केली.

इतिवृत्त, पालकांना निरोप, स्नेहसंमेलनाचं निवेदन, निरोप समारंभाचं पत्र ही कामं सोपी आहेत. सभा झाल्याझाल्या मुद्दे बोलून टाका, इतिवृत्त मिळतं. सभाच रेकॉर्ड करायची असेल तर आधी सगळ्यांना विचारा. पालकांच्या निरोपाची भाषा तेवढी बदला. त्याचं मराठी पुण्याच्या कार्यालयातून आल्यासारखं असतं, 'पालकांनी उपस्थित राहून सहकार्य करावे'. आमच्या पालकांना 'शनिवारी दहाला शाळेत येऊन जावा, पोराची वही दाखवायची आहे' असं लिहिलं की ते येतात.

सातवी पायरी: काय घालायचं नाही

सुरुवातीलाच हे सांगायचं होतं, पण दोन-तीन कामं हाताला लागल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

मुलाचं नाव, सॅट्स क्रमांक, आधार, फोन नंबर, जात, उत्पन्न, आजार, फोटो यांतलं काहीही तिथं टाकायचं नाही. सहशिक्षकांच्या रजा, प्रकृती, तक्रारी यांनाही तोच नियम. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गावात तोंड दाखवायचं असतं. नावाच्या जागी 'विद्यार्थी क' लिहा, पत्र तयार झाल्यावर नाव हातानं घाला. यादीचा फोटो पाठवायचा असेल तर नावांच्या रकान्यावर कागद ठेवून फोटो घ्या, इतकं ते साधं आहे.

चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स म्हणून जागा आहे. तिथं आपली संभाषणं त्याला शिकवायला वापरू देण्याचं बटण असतं, ते बंद करा. जेमिनीतही ॲक्टिव्हिटी बंद करायची सोय आहे. शाळेचा मोबाइल चार हातांत फिरत असेल तर काम झालं की बाहेर पडा.

आणि एका बाबतीत त्याला काहीच विचारायचं नाही. मुलावर अत्याचार झाल्याची शंका आली तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिथं मसुदा, सल्ला, 'कसं हाताळू' हे काही नाही. थेट पोलीस; मदतीला चाइल्डलाइन १०९८.

वर्गात मुलांच्या हातात हे द्यायची घाई करू नका. युनेस्कोनं २०२३ मध्ये १३ वर्षांखाली नको असं सुचवलंय, आणि आपली सातवीपर्यंतची बहुतेक पोरं त्याच्या आतलीच.

आठवी पायरी: वाचलेला वेळ जपणं

ही पायरी मी स्वतः सहा महिने चुकलो. पत्रं लवकर व्हायला लागली, तेव्हा मी आणखी पत्रं अंगावर घेतली. 'सर तुमचं लवकर होतं की ओ, आमचंही एक बघा' म्हणत शेजारच्या दोन शाळांची आली. तालुक्याच्या कार्यक्रमाचा अहवाल माझ्याकडं, प्रतिभा कारंजी या शालेय कलास्पर्धेचं निवेदन माझ्याकडं. ओझं होतं तेवढंच राहिलं, फक्त कागद बदलले. आता कोणी पत्र घेऊन आलं की मी ओळखीचा परिच्छेद पाठवतो आणि शेजारी बसवून त्यांच्याच मोबाइलवर करायला लावतो.

वाचलेला वेळ आधीच ठरवून कुठंतरी टाकावा लागतो, नाहीतर काम तो गिळतं. माझे मंगळवार आणि गुरुवार ठरलेले आहेत, पाच वाजता कुलूप. शेताकडं जातो. सुरुवातीला हातात मोबाइल असायचा, आता घरी ठेवून जातो.

रागाच्या वेळीही त्याचा एक उपयोग आहे, जरा गमतीचा. कोणाच्या तरी बोलण्यानं डोकं फिरलं की आधी मी ग्रुपवर उत्तर द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पस्तावायचो. आता जे म्हणायचंय ते सगळं, नाव न घेता, एआयला बोलतो आणि म्हणतो, याचं चार ओळींचं सभ्य उत्तर कर. ते तयार होतं, मी पाठवत नाही. सकाळी पुन्हा वाचतो. दहांतली सहा उत्तरं पाठवायची गरजच उरत नाही.

पण मन मोकळं करायला तो माणूस नव्हे. झोप उडालीय, शाळेचं गेट दिसलं की पाय जड होतात, घरच्यांवर विनाकारण ओरडायला होतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, बेंगळूरची निम्हान्स संस्था तिच्या केंद्रस्थानी आहे. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. हेडमास्तरानं असा फोन करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याच शाळेतल्या एखाद्या बाईंना गरज असेल तर हा नंबर स्टाफरूमच्या भिंतीवर लावलेला बरा, कोणाला विचारावं लागत नाही.

पहिला महिना असा घालवा

पहिला आठवडा फक्त वही. दुसऱ्या आठवड्यात ओळखीचा परिच्छेद लिहा आणि जुनी, मुदत संपलेली तीन सुत्तोले टाकून बघा. चुकलं तरी बिघडत नाही, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत असल्यानं त्याची चूक लगेच दिसते. तिसऱ्या आठवड्यात एक खरं उत्तर, तेही कमी महत्त्वाचं. चौथ्या आठवड्यात शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बिसी ऊटचं शीट बसवा. एखादा तरुण अतिथी शिक्षक शाळेत असेल तर त्यांना सोबत घ्या, त्यांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं आणि हेडमास्तरांना शिकवायला मिळतंय म्हणून खूशही होतात.

महिन्याच्या एचएम मीटिंगला जाताना वही बरोबर ठेवा. चहाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर जे कोणी असतील त्यांना ओळखीचा परिच्छेद पाठवून द्या. खानापूरचा परिच्छेद निपाणीला तसाच चालतो. भालकीला पाठवायचा असेल तर फक्त जिल्ह्याचं नाव बदला.